नव्या गटाची पहिली बैठक : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे नवे गट जमू लागतात. शाळा-महाविद्यालये उघडतात, वसतिगृहे भरतात, कंपन्यांमध्ये प्रशिक्षणार्थींची नवी तुकडी येते आणि गावोगाव नव्या बचत गटांची नोंद होते. या सदराकडे यंदा आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी होती. एकमेकांना न ओळखणारी माणसे एका सतरंजीवर आणून बसवली, तर त्यांना परस्परांशी बोलते कसे करावे, ही ती अडचण. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. आमचे सात दिवसांचे विशेष शिबिर दत्तक गावात होते आणि त्यात कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे मिळून पन्नास स्वयंसेवक असतात. पहिल्या संध्याकाळी गोल करून बसवतो आणि प्रत्येकाला नाव, गाव, वर्ग व छंद सांगायला लावतो. दीड तास जातो, कोणालाच कोणाचे नाव आठवत नाही आणि मुले पुढचे तीन दिवस आपापल्या घोळक्यातच राहतात. याऐवजी काय करावे?

उत्तर : सर, दोष मुलांच्या अनास्थेत नाही, बैठकीच्या रचनेत आहे. दीड तासात पन्नास जण बोलले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटेही आली नाहीत, आणि उरलेला सारा वेळ त्याने आधी आपल्या पाळीची आणि मग जेवणाची वाट पाहण्यात घालवला. त्यातही पाळी जवळ आली की माणूस ऐकेनासा होतो. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. टेबलाभोवती बसलेल्या लोकांनी आळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायचा आणि शेवटी जे आठवतील ते शब्द सांगायचे, असा तो प्रयोग होता. आपल्या पाळीच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना सर्वांत कमी आठवले. आपल्या गोलातही तेच घडते. डावीकडचा मुलगा नाव सांगत असतो तेव्हा उजवीकडचा ‘माझा छंद वाचन आहे’ हे वाक्य मनात घोळवत असतो. (छंदाविषयी तर काय लिहावे? वाचन, क्रिकेट आणि गाणी ऐकणे यांपलीकडे चौथा छंद पहिल्या संध्याकाळी कोणी सांगत नाही, कारण वेगळे काही सांगून हसू करून घ्यायची कोणाची तयारी नसते.)

शिवाय आपली अपेक्षाच मोठी आहे. पन्नास जणांत १,२२५ जोड्या होतात आणि त्या सर्व जोड्यांची ओळख एका संध्याकाळी होणे शक्य नाही. रात्री अंथरुणावर पडताना प्रत्येकाला आपल्या वर्गाबाहेरची पाच-सहा माणसे नावानिशी आणि काही तपशिलानिशी माहीत असावीत, एवढेच पहिल्या दिवसाचे उद्दिष्ट ठेवावे.

माझी पसंती जमिनीवरच्या नकाशाला आहे. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या फक्कीने पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वाकडीतिकडी रेघ ओढावी आणि ही आपली गंगा, म्हणजे गोदावरी, असे सांगावे. रेघेच्या दक्षिणेला गंगाखेड, सोनपेठ, पालम आणि उत्तरेला पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, एवढ्या खुणा विटा ठेवून कराव्यात. शिबिराच्या गावाच्या जागी एक बादली ठेवावी. मग प्रत्येकाने आपले गाव जिथे असेल तिथे जाऊन उभे राहायचे. सूचना एवढीच, आणि यानंतर आपण काही बोलायचे नाही. गावाची जागा शेजारच्याला विचारल्याशिवाय सापडत नाही, हीच या खेळाची खुबी आहे. ‘अरे, झरी जिंतूर रोडला येते, तू तर पूर्णेच्या वाटेवर उभा राहिलास,’ असे कोणी तरी कोणाला तरी म्हणतेच. त्यावर वाद होतो, तिसरा मध्यस्थी करतो, मुली आपापल्या तालुक्याकडे सरकतात आणि कोणालाही व्यासपीठावर न आणता पटांगणभर बोलणे सुरू होते. जिल्ह्याबाहेरून आलेला एखादा मुलगा पटांगणाच्या कुंपणाला टेकून उभा राहतो आणि सगळे त्याच्याकडे वळून ‘तू कुठला रे?’ असे विचारतात. या खेळाला दहा-बारा मिनिटे पुरतात. बरोबर जागा दाखवण्याचा मोह शिक्षकांना फार होतो, तो आवरावा.

त्यानंतर प्रत्येकाने जवळ उभ्या असलेल्या, पण आपल्या वर्गात नसलेल्या एकाला जोडीला घ्यावे आणि दोघांनी मिळून पाचेक मिनिटे बोलावे. विषय आपण द्यावा आणि तो असा असावा की ज्यावर प्रत्येकाजवळ काही सांगण्यासारखे असेल व ज्यात कोणाचा कमीपणा दिसणार नाही. ‘घरातून निघाल्यापासून महाविद्यालयात पोहोचेपर्यंत काय काय होते ते सांगा,’ हा विषय मला अनेक ठिकाणी उपयोगी पडला आहे. कोणी पाच वाजता उठून गाईचे दूध काढून निघते, कोणाची एसटी फाट्यावर थांबतच नाही, कोणी काळी-पिवळीच्या टपावर दप्तर टाकून येते, तर शहरातला मुलगा दहा मिनिटांत सायकलने पोहोचतो आणि ते सांगताना थोडा ओशाळतो. पाच मिनिटे झाली की दोन जोड्या एकत्र आणून चारचा गट करावा आणि त्यात प्रत्येकाने स्वतःची नव्हे, आपल्या जोडीदाराची ओळख करून द्यावी. दुसऱ्याविषयी सांगायचे असले की ऐकावे लागते, आणि लाजऱ्या मुलीला स्वतःविषयी बोलण्याचे ओझे राहत नाही.

पुढे सर्वांसमोर ओळख करून देण्याची फेरी घेऊ नये. तो मोह टाळला तरच हे सारे उपयोगी पडते. चारचे दोन गट जोडून आठांचा गट करावा आणि त्याच गटाला पुढच्या तीन दिवसांची कामे द्यावीत. स्वयंपाक, श्रमदान, सर्वेक्षण आणि सायंकाळचा कार्यक्रम ही कामे ज्यांच्याबरोबर केली, त्यांची नावे मुले विसरत नाहीत.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यात बचत गटांसाठी समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते. बारा महिलांचा नवा गट केला आहे. त्यात एक सासू-सून आहेत, दोन जावा आहेत आणि दोघी विधवा आहेत. बैठकीत मी आणि सचिवच बोलतो, बाकीच्या मान हलवतात. सुरुवातीला उखाणे घ्यावेत असे एकीने सुचवले. ते योग्य होईल का?

उत्तर : ताई, उखाणा हा आपल्या घरचाच ओळखीचा खेळ आहे आणि बाहेरून आणलेल्या अनेक खेळांपेक्षा तो चांगला आहे. त्याची रीत सर्वांना ठाऊक असते, तो दोन ओळींत संपतो, त्यात थोडा तोरा मिरवायला परवानगी असते आणि एकीने घेतला की दुसरीला घ्यावासा वाटतो. एरवी चार वाक्ये बोलायला न धजणारी बाई उखाणा मात्र ठसक्यात घेते.

अडचण त्यातल्या नावाची आहे. उखाणा पतीच्या नावावर उभा असतो आणि आपल्या गटात दोघी विधवा आहेत. सोडून दिलेली किंवा लग्न न झालेली बाई असेल तर तिचीही तीच गत होते. हळदीकुंकवाच्या वेळी भिंतीला टेकून बसण्याचा अनुभव ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांना गटाच्या पहिल्याच बैठकीत पुन्हा भिंतीकडे ढकलू नये. म्हणून उखाणा ठेवावा, पण त्यात स्वतःचे नाव घ्यायला सांगावे. सुरुवात आपण करून द्यावी : ‘चुलीवरच्या भाकरीला पापुद्रा छान, सुमन माझं नाव, बचत गटात माझा मान.’ यमक जुळले नाही तरी चालते, किंबहुना न जुळलेल्या यमकावर जास्त हसणे होते. आपण म्हणाल की यात विशेष काय? पण गल्लीत जिला वर्षानुवर्षे ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची मालकीण’ म्हणून हाक मारली जाते, तिचे पहिले नाव शेजारणीलाही ठाऊक नसते, हे आपण अशा बैठकीत पाहालच. काही घरांत लग्नात नाव बदललेले असते. अशा वेळी कोणते नाव सांगायचे ते त्या बाईनेच ठरवावे आणि गटात तिला त्याच नावाने हाक मारावी.

सासू-सुनेचा प्रश्न नाजूक आहे. त्यांची जोडी लावू नये आणि घरच्या अडचणी, खर्च, कर्ज यांविषयीचा कोणताही प्रश्न पहिल्या बैठकीत विचारू नये, कारण सून खरे बोलली तर घरी ऐकून घेते आणि खोटे बोलली तर गटाला त्याचा उपयोग नसतो. त्याऐवजी ‘तुमच्या हातचे कोणते काम तुम्ही दुसरीला शिकवाल?’ असे विचारावे. एकीचे येसर गावात नाव काढून असते, एक गोधडी शिवते, एकीच्या नवरात्रातल्या कडकण्या तुटत नाहीत, तर सुनेला मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. येथे सासूचा मान जात नाही आणि सुनेलाही सांगण्यासारखे काही असते. ही उत्तरे आपण वहीत जरूर लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी गटाने कोणता व्यवसाय करावा, ही चर्चा निघेल तेव्हा ती उपयोगी पडतील.

फुगे फोडणे, कागदाच्या घडीवर एका पायाने उभे राहणे, हातात हात गुंफून गाठ सोडवणे हे खेळ प्रशिक्षणांतून फार पसरले आहेत. लुगड्यातल्या, गुडघे दुखणाऱ्या आणि समोर सासू बसलेल्या बायकांसाठी ते नाहीत. गटात महिला दहा ते वीसच असतात आणि बैठक दर आठवड्याला होते, तेव्हा एकाच दिवशी सारे उरकण्याची घाई कशाला? प्रत्येक बैठकीच्या आरंभी बचत गोळा होत असताना पाच मिनिटांचा एक प्रश्न ठेवला तरी दोन महिन्यांत मान हलवणाऱ्या बायका बोलू लागतात.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत मी नुकताच नोकरीला लागलो आहे. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी ‘दोन खरी, एक खोटी’ हा खेळ घेतला, तोवर ठीक होते. त्यानंतर प्रत्येकाने आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणा प्रसंग सांगावा असे सांगितले गेले. आमच्या विभागाचे प्रमुख समोर बसले होते. मी काहीतरी बनवून सांगितले. नकार दिला असता तर चुकले असते का?

उत्तर : मुळीच नाही. पहिल्या खेळात स्वतःविषयी तीन विधाने करायची असतात आणि त्यांतले खोटे कोणते ते इतरांनी ओळखायचे असते. काय उघड करायचे हे त्यात ज्याचे त्याच्या हाती राहते. ‘मी विहिरीत पोहायला शिकलो, मला चहा आवडत नाही आणि माझ्या आजोबांकडे घोडा होता,’ एवढ्यावरही तो रंगतो. दुसऱ्या प्रकारात हा ताबा काढून घेतला जातो, आणि तोही ज्याच्या शेऱ्यावर तुमची नोकरी कायम होणार आहे त्याच्या देखत.

मनमोकळे बोलल्याने जवळीक वाढते, असे प्रशिक्षक सांगतात आणि त्याला आधार म्हणून मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन व त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ चा प्रयोग पुढे करतात. त्या प्रयोगात एकमेकांना अनोळखी असलेल्या दोघांनी ३६ प्रश्नांची उत्तरे पाऊण तासात परस्परांना दिली आणि नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा त्यांना एकमेकांविषयी अधिक जवळीक वाटली, हे खरे आहे. परंतु ते प्रश्न तीन टप्प्यांत हळूहळू खासगी होत गेले होते, दोघेही सारखेच उघडे होत होते, आणि जोडीतला कोणी दुसऱ्याचा वरिष्ठ नव्हता. चाळीस जणांच्या सभागृहात ध्वनिवर्धक हातात देऊन लाजिरवाणा प्रसंग विचारण्याला त्या प्रयोगाचा काडीचाही आधार नाही.

पुढच्या वेळी ‘मी या फेरीत ऐकतो’ एवढे म्हणून ध्वनिवर्धक पुढे द्यावा. कारण सांगू नये. हे वाचणाऱ्या प्रशिक्षकांनी आपल्या प्रत्येक खेळाच्या आरंभी पाळी सोडण्याची मुभा मोठ्याने जाहीर करावी, आणि जो प्रश्न इतरांना विचारायचा त्याचे उत्तर आधी स्वतः द्यावे. तसे केल्यास निम्मे प्रश्न ते आपणहून गाळतील, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : जालना जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळावर मी आहे. सहा गावांचे सभासद पहिल्यांदाच एकत्र येणार आहेत. आमच्या भागातील सध्याचे वातावरण आपणांस माहीत आहे. नाव, आडनाव आणि गाव सांगितले की सभागृहातले लोक लगेच वेगवेगळे बसतात. परिचयाचा कार्यक्रमच टाळावा का?

उत्तर : टाळू नये, त्यातला मजकूर बदलावा. ‘कोणाचे तुम्ही?’, ‘पाहुणे कुठले?’ हे आपल्याकडचे विचारण्याचे सभ्य प्रकार आहेत. त्यांतून सोयरिकी सापडतात, नाती जुळतात आणि अनोळखी गावात भाकरी मिळते. मात्र सहा गावांच्या मिश्र सभेत याच प्रश्नांनी माणसे आपोआप निवडली जातात आणि बोलणे सुरू होण्याआधीच कोणी कोणाजवळ बसायचे हे ठरून जाते. आडनाव भागधारकांच्या नोंदवहीत असतेच. छातीवर लावायच्या कागदावर पहिले नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली या हंगामातले पीक, एवढेच लिहावे. वयस्कर सभासदांना नुसत्या नावाने हाक मारणे बरे दिसत नाही, म्हणून नावापुढे राव, अण्णा, काका, ताई, मावशी हे आलेच पाहिजे. ते सभासद आपापसात बरोबर करतात.

कार्यक्रमासाठी सभागृहाचे चार कोपरे वापरावेत. एक प्रश्न विचारावा आणि उत्तराप्रमाणे लोकांनी त्या त्या कोपऱ्यात जावे. ‘तुमच्या रानाला पाणी कशाचे?’ विहीर, बोअर, शेततळे आणि निव्वळ पाऊस, असे चार कोपरे झाले. कोपऱ्यात पोहोचलेल्यांना तीन-चार मिनिटे बोलू द्यावे, विषय त्यांना सांगावा लागत नाही. बोअर किती फुटांवर लागले आणि मोटार किती वेळा जळाली यावर मराठवाड्यातला शेतकरी अर्धा तास सहज बोलतो. मग पुढचा प्रश्न : ‘यंदा मुख्य पीक कोणते?’ सोयाबीन, कापूस, मोसंबी आणि इतर. तिसरा प्रश्न : ‘माल कुठे घातला?’ चौथा प्रश्न हलका असावा, उदाहरणार्थ, चहा किती साखरेचा. दर प्रश्नाला माणसे नव्याने विभागली जातात, हेच यातले महत्त्वाचे. पाण्याच्या प्रश्नावर जो समोरच्या कोपऱ्यात होता तो मोसंबीच्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून उभा असतो आणि बागेच्या फळगळीवर आपल्यासारखाच वैतागलेला असतो. गटातील माणसे कोण कोणाकडे ओढली जातात हे असे उभे करून पाहण्याची पद्धत मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांच्या कामातून आलेली आहे.

दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. जमीन किती एकर, हा प्रश्न कोणत्याही रूपात विचारू नये. सभेत बटाईने करणारेही असतील आणि त्यांना कोपरा उरत नाही. दुसरे, आरक्षण, निवडणूक किंवा एखाद्या नेत्याची सभा यांकडे घसरू शकेल असा प्रश्न गमतीतही घेऊ नये. ‘मोकळी चर्चा होऊ द्या’ असा आग्रह एखादा संचालक धरील. पहिली बैठक ही त्याची जागा नाही, असे त्याला नम्रपणे सांगावे.

या खेळाकडून फार अपेक्षाही ठेवू नयेत. वेगवेगळ्या समूहांतली माणसे नुसती एकत्र आल्याने मनातले ग्रह जात नाहीत. त्यासाठी त्या प्रसंगापुरता बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, परस्परांचे सहकार्य आणि वरच्या माणसांचा पाठिंबा लागतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवले आहे. चार कोपऱ्यांच्या खेळातून यांतला पहिला मिळतो आणि तोही अर्ध्या तासापुरता. म्हणून त्याच दिवशी दुपारी सोयाबीनची ओलावा तपासणी, चाळणी आणि वजन यांचे प्रात्यक्षिक घ्यावे, आणि प्रत्येक काट्यावर वेगवेगळ्या तीन गावांची माणसे ठेवावीत. संचालकांपैकीही दोघा-तिघांनी पोत्याला हात लावावा. वरच्या माणसांचा पाठिंबा सभासदांना भाषणापेक्षा त्यातून अधिक दिसतो.

प्रश्न : लातूर येथील ज्येष्ठ नागरिकांच्या नव्या संघात मी जातो. चेहरे लक्षात राहतात, कोण काय नोकरी करत होते तेही राहते, पण नावे राहत नाहीत. वयाचा परिणाम असावा का?

उत्तर : वयाचा थोडा वाटा असेलही, पण तरुणांचेही हेच होते. १९८७ मध्ये मॅकविनी या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची नावे व व्यवसाय सांगितले गेले. काही शब्द असे निवडले होते की एकासाठी ते नाव होते आणि दुसऱ्यासाठी व्यवसाय. शब्द तोच असूनही व्यवसाय म्हणून तो अधिक लोकांना आठवला. पोस्टात होते म्हटले की सायकल, टपाल, खाकी पिशवी असे काहीतरी डोळ्यांसमोर येते, नावाला मात्र असे काही चिकटलेले नसते. म्हणून संघाच्या पहिल्या चार बैठकांत प्रत्येकाने आपले नाव कोणी ठेवले किंवा लहानपणी घरात काय हाक मारत, हे एका वाक्यात सांगावे. आत्याने पंढरीच्या वाटेवर असताना नाव ठेवले, असे कोणी सांगितले की ते नाव विसरत नाही. छातीवर नाव लावण्याची लाज बाळगू नये, अक्षर मात्र चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे मोठे काढावे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका निवासी शाळेत शिक्षिका आहे. वसतिगृहात पाचवीपासूनची मुले आहेत. काही बंजारा तांड्यावरची असून घरी गोरमाटी बोली बोलतात, काहींच्या घरी दखनी उर्दू आहे. ऊसतोडीला गेलेल्या पालकांबरोबर काही मुले जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. तोवर बाकीच्यांचे गट पक्के झालेले असतात. प्रशिक्षणात शिकवलेला ‘जन्मतारखेप्रमाणे न बोलता रांग करा’ हा खेळ घेतला, तर मुले गोंधळली. आमच्या मुलांसाठी काय घ्यावे?

उत्तर : बाई, तो खेळ मराठवाड्यातल्या किती शाळांत असा फसला असेल! शाळेत नाव घालताना नक्की तारीख सांगता न आल्याने दाखल्यावर १ जून लागलेली मुले आपल्याकडे सर्रास सापडतात. निम्मी रांग एकाच तारखेवर उभी राहिली तर खेळ तिथेच संपतो. रांग करायचीच असेल तर उंचीप्रमाणे, तळव्याच्या मापाप्रमाणे किंवा घर किती लांब आहे त्याप्रमाणे करावी. तळव्याचे माप घेणारी मुले फरशीवर पाय जुळवताना आपोआप एकमेकांच्या खांद्याला धरतात आणि तिथूनच त्यांचे बोलणे सुरू होते.

मुलांना नव्याने शिकवावे लागणार नाहीत असे खेळ आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांत थोडा फेरफार केला की पुरते. ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. गोलाबाहेर पळणाऱ्याने रुमाल ज्याच्या मागे टाकायचा, त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे, एवढा एकच नियम वाढवावा. नाव चुकले तर राज्य त्याच्यावरच राहील. मुले खेळात हरायला तयार नसतात, त्यामुळे पळण्याआधी ती शेजाऱ्याला हळूच नाव विचारून घेतात. लगोरीत संघ पाडताना मात्र दोन म्होरक्यांना एकेक गडी निवडायला सांगू नये. शेवटी उरणारा मुलगा कोण असेल, हे त्याला स्वतःला आधीच माहीत असते. रंगीत दोऱ्यांचे तुकडे वाटून संघ पाडावेत.

भाषेची अडचण उलटी वापरता येते. रोज प्रार्थनेनंतर एका मुलाने आपल्या घरच्या बोलीतले पाच शब्द सर्वांना शिकवावेत : पाणी, भाकरी, कुत्रा, पाऊस, चल. तांड्यावरच्या मुलीने भाकरीला ‘बाटी’ म्हटले की दुपारच्या जेवणात सगळी पंगत ‘बाटी वाढा’ म्हणू लागते. वर्गात मराठी चुकते म्हणून गप्प बसणारी तीच मुलगी त्या वेळी इतरांचे उच्चार दुरुस्त करते. नातेवाइकांचे शब्द सुरुवातीला घेऊ नयेत, कारण वसतिगृहात आई किंवा वडील नसलेली मुले असतात. तसेच ‘सुटीत कुठे गेला होता?’ हा सर्वांत सोपा वाटणारा प्रश्न आपल्या वर्गात सर्वांत अवघड आहे, तो वगळावा.

उशिरा येणाऱ्या मुलांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. सर्व गटाला त्यांच्यासाठी पुन्हा परिचयाचा खेळ खेळायला लावला तर नव्याने आलेल्यावरच साऱ्यांची नजर खिळते, आणि कारखान्यावरून, ऊसतोड्यांच्या कोपीतून (झोपडीतून) आलेल्या मुलाला नेमके तेच नको असते. त्याऐवजी दिवाळीपूर्वी जाताना प्रत्येक जाणाऱ्या मुलाला मागे राहणारा एक जोडीदार ठरवून द्यावा. पेटी कोठे ठेवायची, नवे शिक्षक कोण, गणितात कोठवर आले आणि रात्री कोणाचे घोरणे ऐकावे लागते, हे मूल परत आल्यावर त्या जोडीदाराने त्याला सांगायचे. जोडीदाराच्या वहीतील उतारे उतरून घेण्यातच दोघांचे पहिले दोन दिवस जातात आणि तेवढ्यात बाकीच्यांची ओळख पुन्हा जुळते. आणखी एक गोष्ट आपल्या हातची आहे. हजेरीपटावर या मुलांची नावे वर्षभर असतातच, पण पाणी भरणे, झाडलोट, वाढपी या कामांच्या फळ्यावरच्या यादीतून ती दिवाळीनंतर पुसली जातात. मूल परत आले त्याच संध्याकाळी त्याचे नाव त्या यादीत, जोडीदाराच्या नावाशेजारी लिहावे.